जबडा करून घ्यायला उल्हासनगरला

आमच्या तासगावची माणसं फिरायला म्हणून फार तर महाबळेश्वरला जातात आणि परत आली की वर्षभर स्ट्रॉबेरीचं सांगत बसतात. मी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर असा दौरा करून आलो. हे कुणाला सांगितलं की समोरचा जपून विचारतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून आता लिहूनच काढतो.

मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे जाळीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारा. जन्मभर दुसऱ्यांना गाड्यांत बसवलं, स्वतः सासुरवाडीच्या पलीकडं गेलो नाही. सत्त्याण्णव सालच्या सुमारास माझ्या पुकाराबद्दल तक्रारी यायला लागल्या. डावा गाल फुगत चालला होता आणि शब्द दाताखाली सापडायचे. प्रवासी खिडकीशी येऊन म्हणत, "मास्तर, आधी तोंडातलं पान थुंका, मग सांगा विट्याची गाडी कुठं लागलीय." मी उभ्या आयुष्यात पान खाल्लेलं नाही. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या आणि गाल जिथल्या तिथंच राहिला.

शेवटी मुंबई. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई वयानं तरुण, अंगानं किरकोळ आणि बोलायला सरळसोट. म्हणाल्या, "कॅन्सर नाही." एवढं ऐकून माझी बायको कुमुद खुर्चीतून उठलीच, बहुतेक पेढे आणायला. पुढचं वाक्य ऐकायला तिला पुन्हा बसावं लागलं. जबड्याच्या हाडात गाठ होती आणि ती आतून हाड पोखरत होती. डावीकडचा खालचा जबडा हनुवटीपासून कानापर्यंत काढायचा, तिथं टायटॅनियमची पट्टी बसवायची आणि कमरेचं हाड घेऊन जोडायचं. तोवर कडक काही चावायचं नाही, कारण उरलेलं हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ झालंय, मोडेल.

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"पट्टी आम्ही टेबलावरच अंदाजानं वाकवतो. सूज आधीच वाकडी असते आणि हाड काढून टाकल्यावर माप घ्यायला काही उरत नाही. अंदाज बरा आला तर चेहरा बरा येतो."

"आणि नाही आला तर?"

"तर वेगळा येतो," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाईट म्हटलं असतं तरी परवडलं असतं. 'वेगळा' हा शब्द मी पुढं आठवडाभर बाळगला. आरशात बघितलं की तो आठवायचा.

मग डॉक्टरबाईंनीच एक गोष्ट सांगितली. परदेशात म्हणे असं यंत्र निघालंय, की सीटी स्कॅन कॉम्प्युटरला दिला की ते पातळ पातळ थर एकावर एक चढवून माणसाचं हुबेहूब हाड करून देतं. मग त्या हाडावर पट्टी आधीच मापानं वाकवून ठेवता येते. त्यांनी फोटो बघितले होते. आपल्याकडं असलंच तर एखाद्या मोटारी बनवणाऱ्या कारखानदाराकडं असेल, आणि तो ते तासगावच्या कंट्रोलरसाठी कशाला सुरू करील? असं म्हणत त्या माझी फिल्म उजेडाला धरून बघत राहिल्या. त्यावर माझ्या जबड्याच्या आडव्या चकत्या होत्या, काकडीच्या असाव्यात तशा. "कापच तर आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी हातानं कापून चिकटवले तरी माझं काम होईल. प्लास्टिक कापणारं कुणी ओळखीचं आहे? शुक्रवारी सकाळी आणा. सोमवारी ऑपरेशन आहे, ते मी पुढं ढकलणार नाही."

"आहे," कुमुद म्हणाली. मला ऐकून धक्काच बसला, कारण आमच्या ओळखीत प्लास्टिकचं काम करणारं कुणी असल्याचं मला माहीत नव्हतं.

अंबरनाथ

तिच्या डोक्यात होता माझा मामेभाऊ नंदू. हा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर आहे आणि बुवापाड्यात दोन खोल्यांत राहतो. त्याचा स्वभाव असा, की त्याला चंद्र आणायला सांगितला तर आधी "किती साइजचा?" म्हणून विचारील. फिल्मचं पाकीट उघडून त्यानं माझा जबडा बघितला, खिशातून व्हर्नियर काढला, एक-दोन मापं घेतली आणि म्हणाला, "अण्णा, टेन्शनच घेऊ नको. उल्हासनगरला किशनदादा आहे. जे तिथं बनत नाही ना, ते जगात बनतच नाही."

घरात शिरताना नंदूची बायको लता दोरीवरचे कपडे घाईघाईनं आत घेत होती. आभाळ तर स्वच्छ होतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मोरिवलीकडचा वारा सुटलाय, भाऊजी. वास नाही आला तुम्हाला?" मोरिवली हे कारखान्यांना चिकटलेलं जुनं गाव. आमच्याकडं वारा कुठून येतो हे द्राक्षबागेला कळतं, इथं ते धुतलेल्या कपड्यांना कळतं. थोड्या वेळानं मलाही वास आला आणि खोकलाही आला. लतानं मला सांगितलं, की दोन दिवसांत सवय होईल. तिला ती होऊन आठ वर्षं झाली होती.

पाहुणे आले म्हणून तिनं कोंबडी केली होती. मला वेगळा गुरगुट्या भात आणि पिठलं. सगळे नळ्या चोखत होते, आणि मी बाळंतिणीसारखा वाटीत बोटं घालून बसलो होतो. नंदू म्हणाला, "अण्णा, रस्सा तरी घे." रस्सा घेतला. रश्श्यानं पोट भरतं असं सांगणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे.

दुपारी नंदूनं शंकराच्या देवळात नेलं. देऊळ पार जुनं, काळ्या दगडाचं, आणि बाहेरून इंचन् इंच कोरलेलं. शेजारून कारखान्यांचं पाणी घेऊन वालधुनी नदी वाहते. तिच्या पाण्याचा रंग त्या दिवशी निळसर होता. "काल लाल होतं," नंदू म्हणाला, इतक्या सहज, जसा आमच्याकडं भाजीचा भाव सांगतात. देवळाच्या भिंतीवर देव, अप्सरा, द्वारपाल असा सगळा दरबार उभा आहे आणि त्यातल्या निम्म्यांना नाक नाही. एका बाईची हनुवटी खालून साफ उडालेली होती. बाकी ती अंगभर दागिने घालून, कंबर मुरडून, मोठ्या दिमाखात उभी होती. मी तिच्यासमोर बराच वेळ थांबलो.

"काय बघताय?" कुमुदनं विचारलं.

"हिचं कसं चाललंय ते."

कुमुदला हसू आलं, मला आलं नाही. मी घाबरलो होतो. दगडाची बाई भिंतीवर उभी असते, तिला काही बोलावं लागत नाही. मला महिन्या-दोन महिन्यांनी परत त्या खिडकीत बसायचं होतं आणि अख्ख्या स्टँडनं माझ्या तोंडाकडं बघायचं होतं.

उल्हासनगर

हे गाव म्हणजे मुळात छावणी. फाळणीनंतर सिंधी लोकांना इथल्या लष्करी बराकींत आणून ठेवलं, म्हणून पत्ते अजून कॅम्पाच्या नंबरानं सांगतात. बराकी आता शोधाव्या लागतात. त्यांच्या पोटात, पाठीवर आणि डोक्यावर दुकानं उगवलीत. एका गल्लीत नुसत्या पँटी, दुसरीत नुसती कपाटं, तिसरीत टेपरेकॉर्डर, त्यांच्यावर जपानी अक्षरं आणि ती अक्षरं लिहिणारा माणूस शेजारच्याच ओट्यावर. भाषेचं म्हणाल तर दुकानदार सिंधीत ओरडतो, हिंदीत भाव सांगतो आणि गिऱ्हाईक मराठी दिसलं की मराठीत जेवायला बोलावतो.

आमच्या तासगावात दुकानात जाऊन काही मागितलं की मालक बसल्या जागेवरून "नाही" म्हणतो, आणि ते म्हणताना त्याला मनापासून समाधान वाटतं. उल्हासनगरात दिवसभरात मी "नाही" हा शब्द ऐकला नाही. नंदूनं गंमत म्हणून एकाला सायकलला लावायचं वल्हं मागितलं. तो म्हणाला, "एक पाहिजे की जोडी?"

किशनदादांचं दुकान म्हणजे ॲक्रिलिकच्या पाट्यांचं. डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या, दुकानांची अक्षरं, वर गणपतीचे मुकुट. एका बाजूला फळीवर मोडक्या वस्तूंची रांग: मिक्सरचं झाकण, स्कूटरच्या दिव्याची काच, रेडिओचं बटण. लोक मोडकी वस्तू आणून देतात आणि दादा तशीच नवी करून देतात. दादा साठीचे, गोरे, पोट पुढं आलेलं, गळ्यात चष्म्याची दोरी. लहानपणी सिंधमधून आले, असं नंदूनं रस्त्यातच सांगितलं होतं.

बसलो नाही तोच पापड आणि पाणी आलं. सिंध्यांकडं आल्यागेल्याला पापड द्यायची पद्धत आहे, आपल्याकडं गूळ-पाणी द्यायचे तशी. तो मोडायचा नाही म्हणजे घरच्या माणसाचा अपमान, आणि मोडायचा म्हणजे माझा जबडा. मी पापडाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि विरघळायची वाट बघत डोळे मिटून बसलो. दादांना वाटलं मी देवाचं नाव घेतोय. तेही हात जोडून थांबले.

नंदूनं फिल्म पुढं केली. दादांनी ती ट्यूबलाइटला धरली. "कोणत्या मशीनचा पार्ट आहे?"

"माझ्या तोंडाचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्या गालाकडं बघितलं, मग फिल्मकडं, मग परत गालाकडं. "अच्छा, चालू मशीन आहे," ते म्हणाले. "हो जाएगा साईं. उद्या दुपारी घेऊन जा."

काम कसं होतं ते मी तिथंच बसून बघितलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं फिल्मवरचे छोटे काप मोठे करून दिले. फिल्मच्या कडेला मापाची पट्टी छापलेली असते, ती नंदूच्या व्हर्नियरवर बरोबर उतरेपर्यंत त्या झेरॉक्सवाल्याला नंदूनं भंडावून सोडलं. एकेक काप दोन मिलिमीटरचा, म्हणून ॲक्रिलिकचा पत्राही दोन मिलिमीटरचा. त्यावर दादा कागद चिकटवत आणि केसासारख्या पात्याच्या करवतीनं कडेनं कापत. मग एकावर एक ठेवून क्लोरोफॉर्मनं जोडायचं, त्यानं ॲक्रिलिक विरघळून चिकटतं. पहिली चकती हनुवटीची निघाली, घोड्याच्या नालासारखी. आपली हनुवटी दुसऱ्याच्या हातात बघणं हा अनुभव बरा नाही. वर क्लोरोफॉर्मचा वास. डॉक्टरबाईंच्या आधीच मला तिथं भूल चढते की काय असं वाटायला लागलं, म्हणून नंदूनं उठवलं आणि दाल पकवान खायला नेलं.

पकवान म्हणजे ताटलीएवढी कुरकुरीत पुरी. ती मोडताना आवाज पलीकडच्या टेबलावर जातो. मला नुसती डाळ मिळाली. चिंचेची चटणी घातलेली, वर बारीक कांदा, आणि चव अशी की मी वाटी दोनदा भरून घेतली. कुमुद पकवान खाताना माझ्याकडं बघत नव्हती. संसारात अशी सभ्यता क्वचित बघायला मिळते.

पुन्हा उल्हासनगर

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी मखमलीच्या कापडातून जबडा काढला. खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी होती. दुधासारखी पांढरी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि आतल्या बाजूला दुकानाच्या नावाचं सोनेरी लेबल. नंदू "वा!" म्हणाला. मीही खूश झालो. दागिना वाटावा असा जबडा आमच्या घराण्यात कुणाचा झाला नव्हता.

कुमुदनं तो हातात घेतला, या बाजूनं त्या बाजूनं फिरवला आणि म्हणाली, "हा यांचा नाही."

"ताई, फिल्म त्यांचीच होती," दादा म्हणाले.

"यांची डावी बाजू फुगलीय. ह्याला सूजच नाही. दोन्हीकडून सारखा आहे हा."

"मग? सारखाच पाहिजे ना!" दादांचा चेहरा समाधानानं उजळला. "ताई, लेफ्ट साइडचा माल खराब होता. फुगलेला, आतून पोकळ. सॅम्पल नेहमी खराबच येतं. चांगलं असेल तर गिऱ्हाईक माझ्याकडे कशाला येईल? मी राइट साइडचा कागद उलटा केला आणि लेफ्ट पण तसाच कापला. सेम टू सेम. इथे सगळे असंच करतात. मिक्सरचं झाकण तुटलेलं आलं तर मी तुटलेलं झाकण बनवून देऊ काय?"

मी चिडलो. चिडलो की माझं बोलणं आणखी घोळतं. शुक्रवार तोंडावर आलाय, डॉक्टरबाईंना माझा जबडा पाहिजे, शोकेसमधला नको, असं बरंच काही मी बोललो. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नंदूला विचारलं, "काय म्हणतात?" नंदूनं सांगितलं, त्यातल्या शिव्या गाळून. माझ्या मते महत्त्वाचा भाग तोच होता.

आता दादाही तापले. "लोक खराब माल परत आणतात. चांगला माल परत करणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं. आणि आता मी काय, वाकडा बनवू? फुगलेला, भोकं पडलेला? साईं, एवढ्या वर्षांत या दुकानातून खराब पीस बाहेर गेला नाही. माझं नाव आहे मार्केटमध्ये."

नंदूनं डायमेन्शनचं काहीतरी सांगितलं, त्याचा परिणाम झाला नाही. मग कुमुद पुढं झाली. तासगावात ती परक्या पुरुषाशी भाजीच्या भावापलीकडं बोलत नाही. इथं ती काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, सुताराला आधी वाळवी कुठं लागलीय ते दिसायला पाहिजे ना? ते दिसलं नाही तर चांगलं लाकूड पण कापून टाकील तो. आमच्या डॉक्टरबाईंना आधी वाळवी बघायचीय. यांचं तोंड आहे, दादा. झाकण असतं तर मी बोललेच नसते."

 दादांनी माझ्या गालाकडं बघितलं, आणि या वेळी पार्ट म्हणून बघितलं नाही. मग फिल्म परत ट्यूबलाइटला धरली. "उद्या संध्याकाळी," ते म्हणाले. "पण लेबल लावणार नाही."

निघताना मी तो देखणा जबडा काउंटरवर ठेवला. निदान मला तरी तसं वाटलं.

बदलापूर

मधला दिवस काढायचा होता. नंदूनं रजाच टाकली होती, आणि त्याला आम्हाला त्याचा फ्लॅट दाखवायचा होता. बदलापूरला मांजर्लीत, उल्हास नदीच्या अंगाला त्यानं फ्लॅट बुक केला होता. फ्लॅट म्हणजे तेव्हा चार खांब आणि त्यांच्यामध्ये गवत. "हा हॉल," नंदू म्हणाला आणि एका म्हशीला हाकललं. "हे किचन. आणि इथून रिव्हर व्ह्यू."

नदी खरंच सुंदर होती. वालधुनी बघून आल्यावर पाण्याचा मूळ रंग बघायला बरं वाटलं. पलीकडं भाताची कापलेली शेतं, मागं डोंगर, आणि हवेला कसलाही वास नाही. म्हशीचा मालक, जवळच्याच गावातला म्हातारा शेतकरी, आमच्या मागं येऊन उभा राहिला. नंदूनं त्यालाही रिव्हर व्ह्यू समजावून सांगितला.

"नदी बगाला तुमाला खिरकीन जावा लागनार नाय," म्हातारा म्हणाला. "मोठा पानी झाला का तीच येल तुमचे घरान."

नंदूचा चेहरा पडला. मग बिल्डरच्या माणसाला गाठून जाब विचारतो म्हणत तो तरातरा निघून गेला, आणि म्हाताराही म्हैस घेऊन गेला.

आम्ही दोघं नदीच्या काठाला बसलो. कुमुदनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मांडीवर उलगडलं. देखणा जबडा.

"हा परत दिला होता ना?"

"तुम्ही दिलात. मी मागून घेतला. दादांना म्हटलं, राहू दे माझ्याकडं."

"कशाला? शोकेसमध्ये ठेवायला?"

ती जबड्याच्या डाव्या कडेवरून बोट फिरवत होती. "लग्नात असे होता तुम्ही," ती म्हणाली. "सूज हळूहळू आली ना. रोज बघत गेले आणि आधीचं तोंड कधी विसरले ते मला कळलंच नाही. काल हा हातात घेतला तेव्हा आठवलं. म्हणून एवढा राग आला मला. यांचा नाही, यांचा नाही म्हणत होते, पण तुमचाच आहे हो हा."

मला रडू आलं. जबड्यासाठी रडणारा मी पहिलाच पुरुष असेन, पण आलं. आपल्याला आपलं तोंड आठवत नाही हे इतके दिवस माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दाढी करताना मी आरशात फक्त उजवी बाजू बघायचो.

"आणि वेगळा झाला तर?" मी विचारलं. आठवडाभर तोंडात धरून ठेवलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडला.

"तर वेगळा. वेगळ्याशी भांडीन, वेगळ्याला जेवायला वाढीन. पण मागून बघायला काय जातंय? हा मी डॉक्टरबाईंपुढं ठेवणार आणि म्हणणार, असा करून द्या."

"हसतील त्या. त्यांचं काय पाटीचं दुकान आहे, सॅम्पल दाखवून ऑर्डर द्यायला?"

"हसू देत," ती म्हणाली आणि जबडा पुन्हा टॉवेलात गुंडाळला.

संध्याकाळी दुसरा जबडा ताब्यात घेतला. दादांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, काउंटरच्या खालून दिला, चोरीचा माल द्यावा तसा. वाकडा, डावीकडं फुगलेला, जागोजाग पोखरलेला. अगदी माझाच. त्यांनी बजावून सांगितलं, "कुणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगू नका."

शुक्रवार

डॉक्टरबाईंनी वर्तमानपत्र सोडलं, वाकडा जबडा उजेडात फिरवला आणि पेन्सिलीनं त्यावर दोन रेघा ओढल्या. "इथून इथपर्यंत. फार छान झालंय. आता ही सूज घासून अंदाजानं खाली आणते आणि त्यावर पट्टी वाकवते." म्हणजे अंदाज उरलाच होता. 

कुमुदनं टॉवेल टेबलावर ठेवला, उलगडला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बाई, असा करून द्या."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी देखणा जबडा उचलला, वाकड्याच्या शेजारी ठेवला, उजव्या बाजू एकमेकींना लावून बघितल्या. पुन्हा पुन्हा लावून बघितल्या. शेवटी मीच खुलासा करायला गेलो, की दुकानदाराची चूक झाली, तिकडं मोडकं सॅम्पल नीट करून द्यायची रीत आहे, आमचा काही आग्रह नाही.

"चांगली बाजू उलटी करून लावली त्यांनी?"

"हो. चुकून."

"मग मी काही घासत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा वाकडा बघून कापायचं, आणि पट्टी या दुसऱ्यावर वाकवायची. अंदाजाचं कामच राहिलं नाही." आणि त्यांनी तिथंच कपाटातून पट्टी काढली, पक्कडीनं वाकवायला घेतली. थोडी वाकवायची, जबड्यावर लावून बघायची, पुन्हा वाकवायची. कानापासून हनुवटीपर्यंत पट्टी कडेला चपखल बसेपर्यंत त्यांचं हे चाललं होतं. कुमुद शेजारी उभी राहून बघत होती, आणि मी बघायचं धाडस होत नसल्यानं खिडकीबाहेर बघत होतो. सोनेरी लेबल मात्र त्यांनी आधी काढायला लावलं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलेलो होतो. पुढचा महिना नाकातल्या नळीनं आणि पेजेनं गेला. त्याबद्दल लिहिणार नाही, तो प्रवास मी पुन्हा करणार नाही. डाव्या बाजूचा खालचा ओठ अजून बधिर आहे. चहा सांडला की कुमुद खूण करते. हनुवटीखालून कानापर्यंत टाक्यांची रेघ आहे, ती कॉलरमध्ये जाते. मी परत खिडकीत बसायला लागलो. आता पान थुंकायला कुणी सांगत नाही, लोक नुसते गाडी उशिरा का म्हणून भांडतात.

पुन्हा एकदा उल्हासनगर

पुढच्या दिवाळीनंतर डॉक्टरबाईंना दाखवायला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून उल्हासनगरला उतरलो. दादांना बेदाणे द्यायचे होते. दुकान तसंच होतं. दादा एका कपबशीच्या दुकानाची पाटी कापत होते.

त्यांनी कुमुदला ओळखलं. "या ताई, या," म्हणाले, पापड सांगितला. माझ्याकडं बघून, पाव्हण्याला करावा तसा नमस्कार केला. मग त्यांचं लक्ष दरवाज्याकडं गेलं, आमच्या मागून आणखी कुणी येतंय का ते त्यांनी बघितलं. कुणी येत नव्हतं. हातातली करवत त्यांनी खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, "ताई... भाऊ?"

 कुमुदचे डोळे भरले, त्यामुळं गैरसमज आणखी वाढला. दादांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, वर बघितलं आणि म्हणाले, "मालिक की मर्जी."

"दादा, मीच तो," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसेना. मी दोन-तीन वाक्यं आणखी बोललो, तेव्हा कुठं ते काउंटरची फळी उचलून बाहेर आले. परवानगी वगैरे काही नाही, सरळ माझी हनुवटी चिमटीत धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. एक डोळा मिटून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग दोन्ही अंगठे दोन्ही कडांवरून कानापासून खाली फिरवले. रस्त्यावरची दोन-चार माणसं बघायला थांबली.

"लेफ्ट एकदम परफेक्ट," त्यांनी निकाल दिला. मग उजव्या बाजूवर अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा आला. कपाळाला आठ्या पडल्या. "राइटला थोडा फरक आहे. ही साइड कुणी केली?"

"आईनं," मी म्हटलं.

दादांनी अंगठा उचलला.

"मग राहू दे," ते म्हणाले.